बेसमेंटला स्वतंत्र दार

आज घराच्या पायाची भिंत कापली. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमधलं आमचं बेसमेंट भाड्याने द्यायचंय. भाडेकरूची ये-जा आमच्या स्वयंपाकघरातून नको, म्हणून बाहेरून खाली उतरणारा जिना. काँक्रीटमध्ये करवत शिरली आणि अख्खं घर थरथरलं. आई म्हणाली, "परवानगी काढून भूकंप आणलात!"

खरी मेहनत दारात नाही, खड्ड्यात आहे. इथे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, भिंती उचलते. म्हणून जिन्याच्या तळापासूनही पाया साधारण 4 फूट खाली न्यायचा. तळाशी पाण्याच्या निचऱ्याची जाळी हवीच, नाहीतर बर्फ वितळला की पाणी थेट दारातून आत. पैसा सगळा मातीखाली चाललाय, दिसणार फक्त पायऱ्या! उद्या सिटीचा इन्स्पेक्टर येणार. त्याने पाया पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही.