आमची वाटचाल: टेस्ट सिरीज, टेक आणि 2 रुपये 56 पैसे

लातुरात क्लासेसचं काम करणाऱ्या डीटीपीवाल्याला वर्षाचा धंदा विचारू नये, टेस्ट सिरीजचा विचारावा. टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर मराठी अंक काढणाऱ्या आमचीही सुरुवात त्याच वाटेनं झाली. पान मांडायला पेजमेकर, जुने फॉन्ट, बटर पेपर, आणि शेजारी प्रती काढायचं रिझो मशीन. समीकरण चित्र म्हणून चिकटवायचं. सरांनी एक घातांक बदलला की पान पुन्हा मांडायचं. ए, बी, सी, डी असे चार सेट हातानं फिरवायचे आणि उत्तरसूची रात्री जागून जुळवायची. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

यातून बाहेर काढलं ते फिजिक्सच्या एका सरांनी. आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. स्वतः लेटेकमध्ये, म्हणजे समीकरणं आज्ञा लिहून मांडायच्या टेकच्या सोप्या रूपात लिहिणारे, त्यामुळे आमच्या चित्रातल्या समीकरणांवर कायम नाराज. एकदा पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाले, "पुढचा पेपर यातच पाहिजे. शिका, मी थांबतो." आणि थांबले. उशीर झाला तरी काम दुसरीकडे नेलं नाही.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांचं टेक 1978 पासूनचं, फुकट आणि खुलं. मराठीची अडचण वेगळी होती. 1991 साली वेल्थुइस यांनी देवनागरीची सोय केली, पण त्यात मजकूर रोमन अक्षरांत टाइप करायचा. आमचा ऑपरेटर दोन दिवसांत पळाला असता. 2004 मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक, टेकचं नवं रूप, आलं आणि युनिकोड मजकूर, पुढे ओपनटाइप या नव्या पद्धतीचे फॉन्टही सरळ चालायला लागले. तरी ल आणि श हिंदी वळणाचेच उमटत. फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तरी फॉन्टस्पेकला, म्हणजे फॉन्ट निवडणाऱ्या जोडणीला, फाइलीत एक ओळ लिहून भाषा मराठी आहे असं सांगावं लागतं, हे कळेपर्यंत डोकं पिकलं. मग 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' हे शब्द आम्ही प्रत्येक नव्या फॉन्टवर आधी चालवून बघायला लागलो. र चा चंद्र तुटला की फॉन्ट बाद. फाइलीतल्या भाषा सांगणाऱ्या त्या ओळीच्या वर टक्क्याची खूण देऊन (अशी ओळ छापली जात नाही) मी एक टीप लिहून ठेवली होती: 'भाऊ, हे काढू नका, ल बिघडतो.' ही टीप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नांदेड, परभणी, बीडकडून गणिताचे प्राध्यापक, छापखानेवाले, एखादा पीएचडीचा पोरगा असे फोन यायला लागले. सगळ्यांचे प्रश्न तेच, म्हणून उत्तरांचा मराठी पीडीएफ अंक सुरू केला. मजकूर आयआयटी मुंबईच्या शोभिका फॉन्टमध्ये, सोबत प्रत्येक उदाहरणाची चालणारी फाइल. एवढ्याशा लोकांसाठी अंक काढायला पैसा कुठून? टेस्ट सिरीजमधून. एका सेटची मजुरी अंकाच्या नावानं बाजूला काढायची, बाकी वर्गणी. टेक वापरणाऱ्यांची जागतिक संस्था टग 1980 पासून टगबोट हे नियतकालिक काढते, सभासदांच्या बळावर. तिथं बरीच वर्षं नवा अंक आधी सभासदांना, मग सगळ्यांना, अशी रीत होती; आम्ही तीच उचलली. जे नवीन उतरताहेत त्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी: 'देणगी द्या' म्हणू नका. 'या अंकाच्या प्रूफाला इतके लागले' असा आकडा द्या, माणूस खिशात हात घालतो. आणि मित्रांकडून आधी वर्गणी घ्या. मित्राची उधारी कधी वसूल होत नाही.

प्रसिद्धीसाठी एक रुपयाही घातला नाही, असं म्हणता येणार नाही. 2 रुपये 56 पैसे घातले, अनेकदा. कनुथ आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला 2 डॉलर 56 सेंटचा चेक देत. सोळाच्या पद्धतीत 256 हा आकडा 100 असा लिहितात, म्हणून 256 सेंट म्हणजे त्या पद्धतीतला एक डॉलर. आम्ही अंकातली चूक दाखवणाऱ्याला तेवढेच रुपये-पैसे यूपीआयवर पाठवायला लागलो. लोक स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवायचे, बघणारे विचारायचे हे काय, आणि वर्गणीदार वाढायचे. जाहिरात एजन्सीवाल्यांना हे जमायचं नाही.

मग मार्च 2020. क्लासेस बंद, होस्टेल रिकामी, रिझोवर धूळ. टेस्ट सिरीज नाही म्हणजे अंकाचा झराच आटला. मशीनचा हप्ता मात्र चालू. फिजिक्सच्या त्याच सरांनी फोन करून आपल्या सगळ्या शिक्षकांची वर्षाची वर्गणी आगाऊ भरली. वर म्हणाले, "पेपर ऑनलाइन घेतोय, सेट तुम्हीच करा." भाव केला नाही. ते वर्ष त्यावर निघालं.

घाव बसला तो नंतर, आणि तो अजून ओला आहे. मोठ्या शहरातल्या एका पार्टीनं 'महाराष्ट्रात प्रथमच' म्हणत मराठी लेटेकचा महागडा कोर्स काढला. आमचेच वर्गणीदार तिकडे. त्यातल्या एकानं त्यांची नमुना फाइल दाखवायला आणली. उघडली, तर फॉन्टच्या ओळीच्या वर: 'भाऊ, हे काढू नका, ल बिघडतो.' आमचं नाव खोडलेलं, माझा भाऊ तेवढा राहिलेला! कळवलं तर उत्तर आलं, "ओपन सोर्स आहे ना?" आहेच. विका, बदला, कोण अडवतंय? आम्ही फाइलीचा साचा एलपीपीएल या लेटेकच्या खुल्या परवान्याखाली दिलाय, आणि त्यात बदललेली प्रत बदललेली आहे असं स्पष्ट दिसलं पाहिजे आणि मूळ काम सोबत दिलं पाहिजे किंवा ते कुठं मिळेल हे कळलं पाहिजे, अशी अट आहे. तेवढंही जमलं नाही. वकील करायचे पैसे अंकातून काढणं मला पटलं नाही. त्या वर्षी अंक जवळजवळ थांबला. मी आणि प्रूफ बघणारी माझी बायको, दोघंच उरलो होतो.

परत आलेत बरेचसे. ल बिघडला की विचारायला तिथं कोणी नव्हतं म्हणे.

यंदाच्या दिवाळी अंकात चार सेट आणि उत्तरसूची एकाच फाइलमधून काढायची पूर्ण पद्धत देतोय. वर्गणी तीच. क्लास, मेस, होस्टेलवाल्यांच्या जाहिराती घेणं चालू आहे. मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमधला आला तर टायपिंगचे पैसे वेगळे पडतील.