आप्पांची पुडी

सांगलीत माती-पाणी तपासून द्यायचं माझं काम. त्या दिवशी वाळवा तालुक्यातले एक आप्पा मातीच्या पिशवीबरोबर पांढऱ्या भुकटीची पुडी घेऊन आले. नदीकाठचं रान, बारमाही ऊस, आता चोपण झालेलं. "मॅडम, तीन वर्षं जिप्सम टाकतोय, रान हाय तसंच हाय. तुमचं शास्त्रच चुकतंय कुठंतरी."

मातीचा सामू, म्हणजे pH, ९.१ निघाला; ७ च्या बराच वर, अल्कधर्मी. चोपणात मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, त्यामुळे पाणी मुरतच नाही. जिप्सममधला कॅल्शियम त्याला उठवून स्वतः बसतो. उठलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो, अर्थात चर काढून निचरा केला असेल तरच. आप्पांनी चर काढले होते. मग मी पुडीकडे वळले.

चिमूटभर भुकटीवर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले आणि ती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. खाणीतल्या जिप्सममध्ये थोडाफार चुना असतोच, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. म्हणून दुसरी चिमूट परीक्षानळीत तापवली. जिप्समच्या वजनात जवळपास २१ टक्के पाणी असतं. तापलं की नळीच्या वरच्या गार काचेवर दव धरतं. इथं काच कोरडी ठणठणीत. शेवटी आम्लातला द्राव गाळून त्यात बेरियम क्लोराइड घातलं. सल्फेट असतं तर दुधासारखं पांढरं व्हायला हवं होतं. पाणी नितळच राहिलं.

चुनखडीची भुकटी होती.

बिकानेरजवळच्या जामसरला मी एकदा गेले होते. वाळू बाजूला सारली की खाली पांढरट जिप्सम, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. खारं पाणी आटत जातं तेव्हा आधी चुनखडी खाली बसते, मग जिप्सम, शेवटी मीठ. समुद्राच्या पाण्याचा पाचवा हिस्सा उरतो तेव्हा कुठे जिप्समची पाळी येते. म्हणजे दोघं एकाच पाण्याची लेकरं, चुनखडी थोरली. आपल्याकडे खाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारसाचा काळा दगड. इथं जिप्समच्या खाणी कुठून असणार? पोत्यातून येईल तेच खरं मानायचं.

"म्हंजे मी तीन वर्षं चुना घातला रानात?"

"आप्पा, चुना तुमच्या काळ्या मातीत आधीच आहे, खडे दिसतात ना? लिटरभर पाण्यात जिप्सम सव्वादोन-अडीच ग्रॅम विरघळतं. चुनखडी चोपणात जागची हलत नाही."

आप्पा पुडीकडे बघत राहिले. "चुना लावला म्हणत्यात ते ह्येच की." आणि मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही. तीन वर्षांची पोती, ट्रॉलीभाडं, मजुरी, सगळं मातीतच गेलं होतं. बिल आहे का विचारलं, तर कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं.

प्रयोगशाळेपर्यंत दर वेळी कोण येणार, म्हणून लिंबू पिळून बघायला सांगितलं. खात्रीचं नाही, पण नुसती चुनखडी असली तर बुडबुडे धरते.

पुढच्या उन्हाळ्यात दुपारी फोन आला, मागं दुकानातला गलका. "मॅडम, दोन पोत्यांवर लिंबू पिळलं. एक बोंबललं, एक गप हाय. गप असलेलं घिऊ न्हवं?"

"घ्या," म्हटलं, "आणि पक्कं बिल मागा. चिमूटभर मला पाठवा."