जेजू गळालं तेव्हा

क्रूझचं वेळापत्रक आखणं हे माझं काम, असं सांगितलं की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तुला फुकट फिरायला मिळतं?" मिळत नाही. ज्या बंदरांची भरती-ओहोटी मला तोंडपाठ आहे, त्यातली निम्मीसुद्धा मी पाहिलेली नाहीत. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये शिपिंग एजंटकडे सुरुवात केली, तिथून क्रूझमध्ये आले आणि फिरत फिरत शांघायला पोचले. ही हकीकत तिथली, मार्च २०१७ ची. कंपनीचं आणि जहाजाचं नाव लिहीत नाही.

आमचं नवं जहाज तेव्हा युरोपातल्या यार्डात पूर्ण होत आलं होतं. उन्हाळ्यापासून ते शांघायच्या वूसोंगकोऊ टर्मिनलवरून सुटणार होतं. ते चिनी बाजारासाठीच बांधलेलं होतं, म्हणजे नुसत्या पाट्या चिनी भाषेत नव्हेत. आजी-आजोबा, आईबाप आणि नातवंड एकत्र येणार म्हणून आतून जोडलेल्या केबिन्स जास्त. माहजोंग या चिनी सोंगट्यांच्या खेळाच्या खोल्या, नाश्त्याला तांदळाची पेज, प्रत्येक केबिनमध्ये पाणी उकळायची किटली. उघड्या डेकवर उन्हात पडायच्या खुर्च्या कमी, कारण तिथे उन्हात रापायची हौस कुणाला नसते. आणि दुकानं भरपूर.

पहिल्या मोसमाचा साचा ठरलेला होता: शांघाय, जेजू, जपानातलं फुकुओका, परत शांघाय. चार रात्री, पाच दिवस. जेजू हे दक्षिण कोरियाचं बेट शांघायहून जेमतेम तीनशे सागरी मैलांवर. संध्याकाळी निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जहाज धक्क्याला लागतं. २०१६ मध्ये क्रूझनं तिथे सुमारे १२ लाख प्रवासी उतरले होते, त्यातले बहुतेक चिनी.

मग थाड आलं. अमेरिकेची ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा दक्षिण कोरियात बसवायला सुरुवात झाली, चीन चिडला, आणि १५ मार्चपासून कोरियाच्या सहली विकू नका असा तोंडी निरोप ट्रॅव्हल एजंटांकडे पोचला. लेखी काही नाही. तोंडी निरोपाचा त्रास असा, की तो किती दिवसांसाठी आहे हे विचारायचं कुणाला? ११ मार्चला, शनिवारी, दुसऱ्या एका कंपनीचं जहाज जेजूला लागलं आणि त्यावरच्या सुमारे ३,४०० चिनी प्रवाशांनी उतरायलाच नकार दिला. तिथे बसगाड्या आणि गाइड नुसते उभे राहिले.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा विक्रीप्रमुख माझ्या टेबलाशीच उभा होता. शांघायचाच माणूस, एरवी शांत. म्हणाला, "जेजू काढ. रात्री मुख्यालयाशी बोलायच्या आत पर्याय दे."

बंदर काढणं सोपं असतं. तिथे काहीच न ठेवता जहाज समुद्रात फिरवून परत आणता येत नाही का, असं लोक विचारतात. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला शांघायहून निघून, कुठल्याच परदेशी बंदराला न शिवता शांघायलाच परत येता येत नव्हतं. म्हणजे परदेश हवाच. तैवानचं कीलुंग २०१६ नंतर थंडावलं होतं. व्लादिवोस्तोक आणि व्हिएतनाम पाच दिवसांत बसत नाहीत. उरला जपान, आणि हेच गणित त्या दिवशी चीनमधल्या प्रत्येक क्रूझ कंपनीत कुणीतरी मांडत होतं. फुकुओकाच्या हाकाता बंदरात २०१६ मध्ये तीनशेहून जास्त क्रूझ लागल्या होत्या, जपानात सर्वांत जास्त. तिथल्या आमच्या तारखा पक्क्या होत्या, त्या सोडायच्या नव्हत्या. प्रश्न होता जोडीला दुसरं काय घ्यायचं, की काहीच घ्यायचं नाही.

माझं मन नागासाकीवर गेलं. शांघायहून साडेचारशे-पावणेपाचशे सागरी मैल. त्यातले पहिले साठेक मैल यांगत्सेच्या मुखातून पायलट, म्हणजे तिथलं पाणी जाणणारा वाटाड्या, घेऊन हळूहळू काढायचे, पुढे मोकळा समुद्र. दुपारी दोनला सोडलं आणि बाहेर पडल्यावर २२ नॉट (तासाला २२ सागरी मैल) धरले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीन-चारला (जपानचं घड्याळ एक तास पुढे) नागासाकी. रात्री अकराला तिथून निघायचं, सकाळी हाकाता, संध्याकाळी परतीला लागायचं आणि पाचव्या दिवशी पहाटे वूसोंगकोऊ. परतीला चौदा-पंधरा नॉट पुरत होते. नागासाकीची संध्याकाळ म्हणजे इनासा डोंगरावरून दिसणारे दिवे. जपानी लोक स्वतः ते बघायला लांबून येतात. तक्ता जुळला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, हे कबूल करते.

कॅप्टन यार्डातच मुक्कामाला होता. त्याला फोन लावला. त्यानं दिवे-बिवे काही ऐकून घेतलं नाही. "पुलाचं काय?" नागासाकीच्या तोंडावर मेगामी पूल आहे, त्याच्या खालून ६५ मीटर जागा मिळते. आमचं जहाज पाण्यापासून मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकापर्यंत साठीच्या वर. आराखड्यातला आकडा बसत होता, पण कॅप्टनला हे हवं होतं की तो आकडा मास्टवर नंतर बसवलेला अँटेना धरून आहे का. तिथे सकाळ होती, यार्ड नुकतंच उघडलं होतं. शेवटी तिथला एक इंजिनिअर वर चढून बघून आला, अँटेना धरलेला नव्हता. तो धरला तरी दोनेक मीटर उरत होते. कॅप्टन म्हणाला, "भरती बघून, दिवसा येताना ठीक. रात्री निघायचं तर तिथल्या पायलटांना आधी विचार." मग इंधन. ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. १७ वरून २२ नॉटवर गेलं की दुपटीहून जास्त. नागासाकीची एक संध्याकाळ किती टनांना पडते ते त्यानं मला तिथल्या तिथे सांगितलं.

दुसरा पर्याय बिनकष्टाचा होता: फक्त फुकुओका, जाताना एक अख्खा दिवस समुद्रात, येतानाही एक. यात खर्च कमी, पण जहाजावरचा भार वाढतो. आमच्या आधीच्या जहाजावर भांडार सांभाळणारा एक वास्कोचा गोवेकर होता, नव्या जहाजावरही तोच जाणार होता. त्याला विचारलं तर हसला. "ताई, समुद्रातला दिवस म्हणजे चार हजार माणसं दिवसभर घरी. दुपारचा बुफे दोनदा भरावा लागतो. कलिंगड आणि नूडल्स तू सांगशील त्याच्या दीडपट धरतो." दीडपट त्यानं खरंच धरले आणि तेही पुढे पुरले नाहीत म्हणे.

संध्याकाळी एजंट आले. हा भाग मला सर्वांत शिकवून गेला. चीनमध्ये तेव्हा आम्ही तिकिटं फारशी सुटी विकत नव्हतो. मोठे एजंट अख्खी फेरीच चार्टर करायचे, म्हणजे एकगठ्ठा भाड्यानं घ्यायचे, आगाऊ पैसे भरायचे आणि तिकीट कधीकधी पडत्या भावानं विकायचे. ती तूट भरून निघायची ती किनाऱ्यावरच्या 'मोफत' सहलीतून: बस देवळापाशी थोडा वेळ थांबणार, करमुक्त दुकानापाशी बराच वेळ, आणि विक्रीवरचं कमिशन एजंटाला. म्हणजे जेजू गेलं तेव्हा प्रवाशांचं एक बेट गेलं आणि एजंटाचा अर्धा नफा गेला.

मी नागासाकीचा नकाशा उघडला, रात्रीचे फोटो दाखवले. टेबलापलीकडच्या एजंट बाईंनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, "दुकानं किती वाजेपर्यंत?" गटांसाठी थोडी उशिरापर्यंत उघडी ठेवता येतील, म्हटलं. "डोंगरावर किती वेळ?" दीड तास. त्यांनी कागदावर काहीतरी वजा केलं आणि फुकुओकाच्या एकाच दिवसात सहा तास मिळतात का ते विचारलं. जहाज एकाच बंदराला जाणार असेल तर मिळत होते, कारण मग आम्ही सकाळी सातला लागून रात्री आठपर्यंत थांबू शकत होतो. वर दुसऱ्या बंदराचे कर वाचणार, ती रक्कम चार्टरच्या दरातून कमी करा, ही त्यांची पुढची मागणी. बाई हुशार होत्या. माझ्या तक्त्यात काही चूक नव्हती, तो त्यांच्या धंद्यात बसत नव्हता इतकंच.

प्रवाशांना दिवे आवडले नसते का? आवडले असते, असं मला अजूनही वाटतं. पण विक्रीप्रमुखाचंही खोटं नव्हतं. तो म्हणाला, "पहिल्या वर्षी लोक जहाज बघायला येतात. बंदर दुसऱ्या वर्षी आठवतं." त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका कंपनीची क्रूझ नॉर्वेजियन जॉय गो-कार्टचा ट्रॅक घेऊन शांघायला आली, त्याआधी मॅजेस्टिक प्रिन्सेस ही क्रूझ चीनसाठी म्हणून बांधून झाली होती. सगळ्यांची जाहिरात जहाजाचीच होती, बंदराचं नाव तळाशी बारीक अक्षरात. २०१९ मध्ये जॉय अलास्काला हलवली गेली, तेव्हा मला त्या बारीक अक्षरांची आठवण झाली.

रात्री मुख्यालयाशी बोलणं झालं. बहुतेक फेऱ्या एकट्या फुकुओकाच्या करायचं ठरलं, चार्टरचा दर थोडा उतरवून. ज्या थोड्या फेऱ्या एजंटांनी घेतल्या नव्हत्या आणि आम्ही स्वतः विकणार होतो, त्यांत नागासाकी ठेवायची परवानगी मी भांडून मिळवली. त्या सप्टेंबरच्या पुढे ढकलल्या, कारण नागासाकीच्या मात्सुगाए धक्क्यावर तेव्हा एका वेळी एकच मोठं जहाज लागायचं आणि आधीच्या चांगल्या तारखा इतरांनी पटकावल्या होत्या. जपानी इमिग्रेशनकडे नव्या जहाजाचा अर्जही त्याच रात्री धाडला. जपाननं २०१५ पासून ठरावीक क्रूझच्या प्रवाशांना व्हिसाशिवाय उतरायची सोय केली आहे, पण त्यासाठी जहाज आधी त्यांच्या यादीत असावं लागतं.

झोपायच्या आधी फुकुओकाच्या एजंटाचा मेल आला. चार हजार प्रवासी, चाळीसची एक बस, म्हणजे शंभर बस हव्यात. एवढ्या एकदम मिळणार नाहीत, त्या दिवशी दुसरंही एक जहाज आहे. मी प्रवाशांचे दोन गट पाडले, एक सकाळी, एक दुपारी, आणि चष्मेवाल्या बाईंना कळवलं की सहा तास आता प्रत्येकी साडेचार झाले आहेत. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं: मग देऊळ काढा.