त्या सोमवारी शीटवर दोन आकडे होते

नोव्हेंबर २०२०, ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या सेलच्या दिवसाच्या आधीचा सोमवार. मी तेव्हा डिमांड प्लॅनिंगमध्ये होतो, अमेरिकेत दुकानं असलेल्या एका चेनचा गेमिंगचा माल आमची टीम बघायची, म्हणजे काय मागवायचं, किती मागवायचं, कुठल्या गोदामात किती ठेवायचं. सगळे घरून काम करत होते आणि रात्रीचे कॉल रोजचेच झाले होते. त्या रात्रीच्या कॉलवर मला एकच आकडा सांगायचा होता, जानेवारी ते मार्चमध्ये प्लेस्टेशन ५, म्हणजे सोनीचा नवा गेमिंग कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र), किती लागतील. आणि माझ्यासमोर शीटवर दोन आकडे होते, एक १,७०० आणि दुसरा ५२,०००.

थोडं मागचं सांगतो. मायक्रोसॉफ्टचे नवे कन्सोल, एक्सबॉक्स, १० नोव्हेंबरला आले, प्लेस्टेशन ५ १२ तारखेला. दुकानांबाहेर गर्दी नको म्हणून सोनीने आधीच जाहीर केलेलं की पहिल्या दिवशी विक्री फक्त ऑनलाइन. आमच्या वाट्याला आलेला माल काही मिनिटांत संपला, नंतर एकदा थोडासा आला तोही तसाच गेला.

आता १,७०० कुठून आले ते बघा. रोजच्या विक्रीचा कॉलम असा होता: १२ तारखेला १,८६०, मग ०, ०, ०, ०, मग १७ ला १४०, मग परत ० ०. सिस्टीमला एवढंच दिसतं की आधी दणक्यात विकलं आणि मग लोकांनी पाठ फिरवली, म्हणून तिने मागणी आटली असं धरून अंदाज काढला. पण ते शून्य गिऱ्हाइकाचं नव्हतंच, आमच्या रिकाम्या गोदामाचं होतं. विकायला काही नसताना विक्री शून्यच येणार ना. त्या दिवशी माल होता की नव्हता हे सांगणारा कॉलमच शीटमध्ये नव्हता, आणि इतकी वर्षं हे कुणाला खटकलं नाही कारण एरवी माल असतोच.

दुसरा आकडा वेटिंग लिस्टचा. साइटवर ‘माल आला की कळवा’ असं बटण होतं, ते दाबून ५२,००० नोंदी झाल्या होत्या. आमच्या मॅडम दुपारीच म्हणाल्या, "अरे मोठाच धर, ते तसंही कापूनच देतात." त्यांचं चुकीचं होतं असं नाही, टंचाई असली की कंपनी प्रत्येकाला कोटा ठरवून देते, म्हणून प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त मागतो, आणि मग खरी मागणी किती हे कंपनीलाही कळेनासं होतं. शिवाय सीझनला किती कन्सोल मिळणार हे सीझनमध्ये ठरतच नाही, कन्सोलमधल्या चिप्सच्या ऑर्डरी कितीतरी महिने आधी गेलेल्या असतात आणि जहाजावरचा माल पोचायला काही आठवडे सहज जातात. २००४ च्या ख्रिसमसला सोनीने ब्रिटनमध्ये प्लेस्टेशन २ पोचवायला रशियन मालवाहू विमानं भाड्याने घेतली होती, पण विमानं सुद्धा कारखान्यातून निघालेलाच माल आणणार, नसलेला कुठून आणणार?

माझी काळजी वेगळीच होती. कन्सोलचा आकडा फुगवला तर कापून मिळेल, ठीक आहे, पण त्याच आकड्यावरून आम्ही दुसरा कंट्रोलर, हेडसेट, चार्जिंग स्टँड यांची ऑर्डर काढायचो. त्यातला बराचसा माल मागू तेवढा येतो, कुणी कापत नाही. म्हणजे ५२,००० धरले तर कन्सोल येणार मूठभर आणि स्टँडचे खोके छतापर्यंत. अंदाज वरच्या बाजूला चुकला तर काय होतं ते वी यू या निन्टेंडोच्या कन्सोलच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं होतं, निन्टेंडोने मार्च २०१४ ला संपणाऱ्या वर्षासाठी ९० लाख विकू म्हटलेलं आणि जानेवारीत ते २८ लाखांवर आणावं लागलं. आमचा पसारा त्यापुढे काहीच नाही, पण गोदाम भरलं की ते भरलंच.

मग मी जेवण बाजूला ठेवून ती लिस्ट उघडली आणि पत्त्यानुसार सॉर्ट केली. एकाच पत्त्यावर अकरा नोंदी, अकरा वेगळे ईमेल, नाव तेच, फक्त स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे. हा पुढे चढ्या भावाने विकणारा असणार. पण तसे थोडेच होते, बहुतेक ठिकाणी दोन-तीन नोंदी, नवरा-बायको दोघांच्या नावाने, किंवा डिस्कवाला एक आणि डिजिटल (डिस्क न लागणारा) एक, जो मिळेल तो घेऊ म्हणून. घरं मोजली तर ५२,००० चे ३३,००० झाले.

हेही जास्तच वाटत होतं. कस्टमर केअरमधल्या एका सहकारी ताईंना विनंती केली की यातल्या कुठल्याही चाळीस जणांना फोन लावता का, मी मागे बसून ऐकतो. प्रश्न तीनच, अजून कुठे नाव दिलंय का, कन्सोल मिळाला का, आणि जानेवारीनंतर मिळाला तर घ्याल का. त्या फोनांनी मला जे शिकवलं ते कुठल्या मॉडेलने शिकवलं नाही. चाळीसपैकी नऊ जणांना दुसरीकडून मिळालाही होता, नाव काढायचं राहून गेलेलं. उरलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांनी तीन-चार ठिकाणी नाव देऊन ठेवलेलं, म्हणजे एकच माणूस प्रत्येक चेनच्या लिस्टमध्ये वेगळा मोजला जात होता. एक बाई म्हणाल्या, २५ डिसेंबरच्या आत येणार नसेल तर आत्ताच स्पष्ट सांगा, मी मुलाला काय सांगायचं ते ठरवते. त्यांचा आवाज अजून आठवतो. ताईंनी खरं ते सांगितलं, नाही येणार. थोडं थांबून त्या बाई म्हणाल्या, बरं, मग नाव राहू द्या, कधीही आला तरी घेऊ.

आणि हेच मला अनपेक्षित होतं. आमच्याकडे सगळे धरून चालायचे की सुट्ट्या संपल्या की मागणी विरते, खेळण्यांचं तसंच होतं. इथे उरलेल्या एकतीस जणांपैकी सव्वीस थांबायला तयार होते. मागणी पुढे सरकत होती, मरत नव्हती.

रात्री कॉलवर मी ९,००० सांगितले. एका कन्सोलसाठी तीन-चार दुकानांत नाव, त्यात आपला वाटा किती, हे हिशोब करून काढलेला आकडा, आणि खाली चाळीस फोनांचा तक्ता जोडला. मॅडमनी बराच वेळ तक्ता वाचला. मग म्हणाल्या, "कन्सोल मी जास्तच मागणार, पण अ‍ॅक्सेसरीज तुझ्या आकड्यावर." मला तेवढंच हवं होतं.

पुढे सोनीने एकूण किती प्लेस्टेशन ५ पाठवले त्याचे आकडे आले, डिसेंबरअखेर ४५ लाख आणि मार्चअखेर ७८ लाख, म्हणजे एरवी मंद असणाऱ्या तिमाहीत सुद्धा ३३ लाख पाठवले आणि तरीही कुठे शिल्लक दिसत नव्हते. आम्हाला मार्चपर्यंत ६,४०० च मिळाले, सगळे गेले, स्टँडचे खोकेही बेतात राहिले. फेब्रुवारीत माल आला तेव्हा मी ताईंना मेसेज केला की त्या बाईंना आधी कळवा. संध्याकाळी ताईंचं उत्तर आलं, "कळवलं, त्यांनी दहा मिनिटांत ऑर्डर टाकली."

माझ्या शीटमध्ये तारखेशेजारी तेव्हापासून एक कॉलम आहे, माल होता की नव्हता. रोज सकाळी मी आधी तोच भरतो.