जेट्टीच्या वाटेनं रत्नागिरी

गेल्या वर्षी मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या पुढे एक ट्रेलर माझ्या इतक्या जवळून गेला, की त्याच्या हवेनेच सायकल साईडपट्टीवर गेली. खाली सुटी खडी होती. कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस मागून हॉर्न वाजला की हात ब्रेकवर जायचा.

तरी रत्नागिरीला सायकलने जायचंच होतं. गुहागरच्या मामाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, खाडीवर जिथे पूल नाही तिथे ट्रक कशाला येईल? जेट्टी बघ, जेट्टी!" मी नकाशा पुन्हा उघडला. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या तिन्ही नद्यांच्या मुखाशी किनाऱ्याचा रस्ता तुटतो आणि तिथे फेरीबोट लागते. लांबच्या गाड्या त्यामुळे महामार्गच धरतात. मला हवा तो रस्ता हाच होता.

जानेवारीत मी आणि मामेभाऊ श्रीवर्धनहून निघालो. पहिली बोट बागमांडला ते वेसवी. पलीकडे बाणकोटचा किल्ला डोक्यावर ठेवून चढायला लागलं की कोकणच्या किनाऱ्याचं गणित कळतं: खाडीपाशी उतरायचं, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं, परत उतरायचं. नकाशातले चाळीस किलोमीटर पायांना साठ वाटतात. पण तासाभरात दोन रिक्षा, एक एसटी आणि गवताचा भारा घेतलेल्या बायका, एवढीच काय ती वाहतूक. केळशी, आंजर्ले करत हर्णैला पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे बोट. इथे एक गोष्ट शिकलो, ती सांगतोच. बोटीचा लोखंडी रॅम्प ओला असतो, त्यावर शेवाळ असतं, आणि उठावाच्या पट्ट्यांत बारीक टायर अडकतं. सायकलवरून उतरा आणि आधी गाड्या चढू द्या. मी घाई केली तर बोटीवरचा पोरगा ओरडला, "दादा, थांबा! चारचाकी आत जाऊ दे, मग तुम्ही." मग त्यानेच सायकल कठड्याला टेकवून सुंभाने बांधून दिली. रात्री मामाकडे गुहागरला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर. वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळ. आंब्याला मोहर आला होता आणि वास चढावर सुद्धा सोबत होता. तवसाळच्या उतारावर समोर शास्त्रीची खाडी उघडते, पलीकडे जयगड. बोट पलीकडच्या काठाला होती. आम्ही सायकली जांभ्याच्या गडग्याला टेकवून बसलो. इतकी शांतता, की सायकलच्या ब्रेकची तापलेली चकती गार होताना टिकटिक वाजत होती तेही ऐकू आलं.

जयगडला उतरल्यावर मात्र सावध. बंदराच्या अवजड गाड्या निवळीच्या रस्त्याने महामार्गाकडे जातात, आणि चाफे गावापर्यंत तोच रस्ता आपला. आम्ही मुद्दाम दुपारी जेवणाच्या वेळेला तो तुकडा काढला, दोघांत अंतर ठेवून, लाल दिवे लावून. चाफ्याला उजवीकडे वळलो आणि जीव भांड्यात पडला. मालगुंडला केशवसुतांच्या घरी पाणी प्यायलो, गणपतीपुळ्याला बाहेरूनच नमस्कार केला, आणि उन्हं कलताना आरे-वारेच्या चढावर उभे राहिलो. खाली आरे आणि वारे या दोन्ही पुळणी, वाळूचे किनारे, मध्ये डोंगराचं नाक.

रेवस ते रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल होणार आहेत. गावांना ते हवेतच, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर बोट कुठून मिळणार? पण त्या पुलांवर सायकलला आणि पायी चालणाऱ्याला कठड्याआडची वेगळी पट्टी ठेवावी, हे मला आत्ताच, पूल पुरे होण्याआधीच, कळकळीने सांगायचं आहे.

जाणार असाल तर शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी जेट्टीवरच्या माणसाला विचारून घ्या. बोट चुकली तर खाडीला वळसा घालून जावं लागतं, आणि तो वळसा लांबचा पडतो, काही ठिकाणी तर महामार्गावरून जातो.