खोक्यावर नसलेला आकडा

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर १४४, १६५, २४० असे हर्ट्झचे, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचे, आकडे ठसठशीत छापलेले असतात. तोच मॉनिटर खाली किती हर्ट्झपर्यंत उतरतो, हे मात्र कुणी छापत नाही. फोर-के घ्यायचा असेल तर आधी तो खालचा आकडा विचारावा आणि मग पाकिटाला हात घालावा, असं माझं ठाम मत झालंय.

माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०७० हे ग्राफिक्स कार्ड आहे. घेतलं तेव्हा दणकट कार्ड होतं, आता त्याचं वय झालंय. १०८०पी ला, म्हणजे फुल एचडीला, अजून मजेत पळतं. पण फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख पिक्सेल. १०८०पी च्या चौपट, १४४०पी च्या सव्वादोनपट. एवढं सगळं दर फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, रंगवायचं म्हटल्यावर सायबरपंकसारख्या गेममध्ये डीएलएसएस (कमी पिक्सेल काढून चित्र मोठं करायची एनव्हिडियाची युक्ती) लावूनही ते सेकंदाला पन्नास-साठ फ्रेमच्या घरात येतं, आणि बाजाराच्या गर्दीत शिरलं की पंचेचाळीस.

साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर नेमकी इथेच गोची होते. पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र घेतो. कार्डाला एखाद्या फ्रेमला २० मिलिसेकंद लागले, तर व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या ठोक्यालाच दाखवायची सेटिंग) चालू असताना ती फ्रेम थेट ३३.३ व्या मिलिसेकंदाला दिसते. डोंबिवलीकरांना हे समजावून सांगायला नको: जिना उतरेपर्यंत फास्ट सुटली की पुढची येईस्तोवर फलाटावर उभं राहायचं, चुकली अर्ध्या मिनिटाने असली तरी. व्ही-सिंक बंद केलं तर वाट पाहणं संपतं, पण मग पडद्याच्या वरच्या भागात जुनी फ्रेम आणि खाली नवी. गाडी वळवली की विजेचा खांब कमरेत तुटलेला दिसतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये वेळापत्रकच नसतं. फ्रेम तयार झाली की पडदा ती घेतो, १८ मिलिसेकंदांनी असो की २२.

या सोयीसाठी लोकांनी एकेकाळी काय पैसे मोजले आहेत! एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं ऑक्टोबर २०१३ मध्ये, आणि त्यासाठी मॉनिटरच्या आत त्यांचा स्वतःचा बोर्ड बसवावा लागायचा. पुढच्याच वर्षी व्हेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने हीच गोष्ट डिस्प्लेपोर्ट १.२ए या जोडणीच्या मानकात घातली, एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीने तिला फ्रीसिंक म्हटलं आणि २०१५ मध्ये वेगळ्या बोर्डाशिवाय चालणारे मॉनिटर बाजारात आले. एनव्हिडियाने तरी जानेवारी २०१९ पर्यंत आपली कार्डं त्या मॉनिटरवर चालू दिली नाहीत. मधल्या काळात, २०१८ मध्ये, जी-सिंकचे पहिले फोर-के १४४ हर्ट्झ मॉनिटर आले. किंमत सुमारे दोन हजार डॉलर, बोर्ड गार ठेवायला आत चक्क पंखा, आणि पूर्ण १४४ वर नेलं की केबलमधून सगळं जात नाही म्हणून रंगाची माहिती कापायची! तेव्हा ज्यांनी घेतले त्यांना माझा नमस्कार. आता एनव्हिडियानेही ऑगस्ट २०२४ मध्ये मीडियाटेकशी हातमिळवणी करून जी-सिंक मॉनिटरमधल्या नेहमीच्या स्केलर चिपमध्येच (आलेलं चित्र पडद्यावर मांडणारी चिप) घालायचं ठरवलं. त्यामुळे नुसत्या स्टिकरसाठी दहा-पंधरा हजार जास्त मागणाऱ्याला सरळ नाही म्हणावं.

तर तो खालचा आकडा. बऱ्याच मॉनिटरची रेंज ४८ ते १४४ अशी असते. कार्ड ४४ फ्रेमवर घसरलं की ४८ च्या खाली गेलं, म्हणजे सिंक सुटायला हवं. सुटत नाही, कारण तीच फ्रेम दोनदा दाखवून पडदा ८८ हर्ट्झवर चालवला जातो. याला एलएफसी म्हणतात. पण त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा. सुरुवातीच्या फोर-के फ्रीसिंक मॉनिटरमध्ये ४० ते ६० अशी तोकडी रेंज असायची. ३८ फ्रेमची दुप्पट ७६, आणि छत ६० ला. झालं, पुन्हा तुटलेला खांब. म्हणजे फोर-के ला १४४ फ्रेम माझं कार्ड जन्मात काढणार नाही, तरीही १४४ हर्ट्झ मला हवेत, आणि ते तळाशी जागा मिळावी म्हणून. एल्डन रिंग तर पीसीवर ६० च्या वर जातच नाही. त्यात २४० हर्ट्झचा ओलेड घेऊन मी काय करू? दिसतो देखणा, पण मला सांगितलेला भाव लाखाच्या आसपास होता.

लॅमिंग्टन रोडला शनिवारी गेलो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "काका, मुलासाठी हवाय का?" मलाच हवाय म्हटल्यावर त्याने तोंडावरची सुरकुतीही हलू न देता दोन फोर-के मॉनिटर शेजारी शेजारी लावले. एक व्हीए पॅनेलचा, सत्तावीस हजारांना. दुसरा आयपीएस, तेहेतिसाला; दोन्ही एलसीडी पडद्याच्याच जाती. दोन्ही २७ इंची, दोन्ही १४४ हर्ट्झ, कागदावर रेंजही तीच.

मॉनिटरच्या मेनूमध्ये चालू रिफ्रेश रेट दाखवायची सोय असते, ती मी दोन्हींवर चालू करायला लावली. गेम सुरू झाला की कोपऱ्यातला आकडा ७१, ६४, ५८ असा वरखाली होत राहतो. तो एकाच जागी ठाण मांडून बसला तर सिंक चालूच नाही असं समजायचं. व्हीए चा काळा रंग खरोखर काळाकुट्ट होता, आयपीएस चा शेजारी राखाडी दिसत होता. मग लोडिंग स्क्रीन आला. गडद करडी पार्श्वभूमी, आणि आकडा ४९ वरून ९४, पुन्हा ५२. त्याबरोबर व्हीए चा सगळा पडदा फडफडायला लागला, ट्यूबलाइटचा स्टार्टर गेल्यावर फडफडते तसा. दोन रिफ्रेशमधलं अंतर एकदम बदललं की पिक्सेलचा उजेडही किंचित बदलतो, आणि तो फरक गडद करड्या रंगात सगळ्यात आधी दिसतो. व्हीए आणि ओलेडला हा त्रास जास्त. पोरगा म्हणाला, "काका, गेममध्ये कळत नाही." गेममध्ये गुहा असतात रे बाबा.

आयपीएस मध्ये खोट नव्हती असं नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेल लवकर बदलावेत म्हणून दिलेला जोर, सगळ्यात वर ठेवला तर १४० ला चित्र स्वच्छ, पण ५० ला पळणाऱ्या माणसामागे पांढरट कड उमटते, कारण तेवढा जोर त्या वेगाला जास्त होतो. एनव्हिडियाच्या त्या जुन्या महाग बोर्डाचा खरा गुण हाच होता. तो वेगाप्रमाणे जोर कमी-जास्त करायचा. मी मधली पायरी ठेवली, कड दिसेनाशी झाली आणि आयपीएसच घेतला.

फक्त गेमच खेळायचे असते तर १४४०पी चा १८० हर्ट्झवाला वीस हजारांत घेतला असता, आणि ज्याचं कार्ड माझ्यासारखं आहे त्याला मी तोच घ्यायला सांगेन. मी दिवसभर त्याच पडद्यावर मराठी मजकूर तपासतो. २७ इंचावर १४४०पी ला इंचात १०९ पिक्सेल येतात, फोर-के ला १६३. 'वर्क्स'मधला रफार, 'द्ध'च्या पोटातली गाठ, अनुस्वार आणि मात्रा एकमेकांना चिकटलेत की नाही, हे आता वाकून बघावं लागत नाही. वरच्या तेरा हजारांतले निम्मे तरी मी डोळ्यांच्या खात्यावर टाकले आहेत.

बत्तीस इंचांच्या वर जायचा मोह झाला होता. त्या मापावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झालाय खरा, पण आमच्या टेबलाची खोली काही वाढली नाही.

घरी सेटिंग अशी ठेवली: जी-सिंक चालू, एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये व्ही-सिंकही चालू, आणि फ्रेमची मर्यादा १३८. शेवटचं अशासाठी की जुन्या, हलक्या गेममध्ये कार्ड १४४ च्या छतावर जाऊन आदळू नये.

भाच्याला आता पीएस५ साठी असाच हवाय. त्याचं गणित वेगळं. पीएस५ चं व्हीआरआर (अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचंच दुसरं नाव) ४८ ते १२० आणि फक्त एचडीएमआय २.१ वर. त्यात गंमत अशी की खोक्यावर '२.१' छापलं म्हणजे पूर्ण वेग आहेच असं नाही. नियमात जुनं २.० हेही २.१ मध्येच सामावून घेतलंय आणि नवीन सोयी ऐच्छिक आहेत. त्याला सांगितलंय, कन्सोल पिशवीत घालून ने आणि फोर-के १२० व व्हीआरआर दोन्ही चालू करून दाखवायला लाव. आणि शनिवारीच जा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात.