चार ओहमचे स्पीकर आणि एका आकड्यासाठी गेलेले सतरा दिवस

रिसिव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायरचा डबा. त्याच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं, '१५० वॅट'. तो आकडा कुठल्या अटीवर मोजलाय, हे सांगायला सतरा दिवसांत एकही माणूस तयार झाला नाही. रिसिव्हर घरात लागून दोन महिने झाले, तरी माझा राग उतरलेला नाही.

स्पीकर आधीच होते. पुण्याच्या आतेभावानं घर बदलताना त्याची उभ्या स्पीकरची जोडी मला दिली. मागच्या पट्टीवर लिहिलेलं: ४ ओहम, ८६ डेसिबल, २.८३ व्होल्टला. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अॅम्प्लिफायरवर बोजा जास्त; डेसिबलचा आकडा म्हणजे तेवढ्या व्होल्टला आवाज किती मोठा. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, जयप्रभा स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडिलांचा जीव जुन्या मराठी सिनेमात, आणि टीव्हीच्या आवाजात त्यांना संवाद कळेनासे झाले होते. मधला स्पीकर, मागचे दोन आणि जड आवाजासाठीचा सबवूफर ही खरेदी एका शनिवारी उरकली. घोडं अडलं ते रिसिव्हरवर.

राजारामपुरीतल्या एका दुकानात पोरगा म्हणाला, "भावा, दीडशे वॅट हाय. भिंती हलतील." मी विचारलं, "चार ओहमला, दोन चॅनेल, म्हणजे दोन स्पीकरच्या लाइनी, एकदम चालू असताना किती?" त्यानं मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "मेनूत चार ओहमचं सेटिंग आहे. ते टाका, झालं काम." माझा स्पीकर आणतो, जोडून दाखवा म्हटलं, तर खोकं फोडायचं तर आधी पूर्ण पैसे. डेमोला लावलेले स्पीकर ८ ओहमचे. त्यावर काहीही गोडच वाजणार!

मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पहिला प्रश्न, "सर, सिरीयल नंबर?" अहो, वस्तू अजून घेतलेलीच नाही, घ्यायची की नाही हेच तर विचारतोय. "सर, सिरीयल नंबरशिवाय तक्रार नोंदवता येत नाही." माझी तक्रार नव्हती, प्रश्न होता. त्यांनी ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितला. तिथं खरेदीची तारीख टाकल्याशिवाय पान पुढे सरकेना. ईमेल केला, तर चार दिवसांनी उत्तर आलं, 'जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा.' विक्रेता म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते विक्रेत्याला विचारा. पाच वेळा फोन केला. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला ओहम म्हणजे काय इथपासून सुरुवात. पंचेचाळीस हजारांची वस्तू घेणाऱ्या माणसाला एक आकडा मिळू नये?

शेवटी मीच कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलची माहितीपुस्तिका उतरवली. उत्तर शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत होतं. १५० वॅट: ६ ओहम, एकच चॅनेल चालू, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती. म्हणजे आवाज स्पष्ट फाटलेला असताना मोजलेला आकडा. त्याच्याच खाली ८० वॅट: ८ ओहम, दोन चॅनेल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती. विश्वास ठेवायचा तो या दुसऱ्या ओळीवर. ४ ओहमचा आकडा दिलेलाच नव्हता. मालकांनी सांगितलेलं सेटिंग तापमान आटोक्यात राहावं म्हणून व्होल्टेज कमी करतं, त्यानं ताकद वाढत नाही, उलट घटते.

हे लिहितानाच आठवलं, स्पीकरवरचे ८६ डेसिबलही नीट वाचा. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट, पण ४ ओहमला २ वॅट. तेव्हा माझे स्पीकर एका वॅटला ८३ डेसिबलचेच. तेवढ्याच व्होल्टला ते ८ ओहमच्या स्पीकरच्या दुप्पट करंट ओढतात. आणि वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणून ८० की १०० या वादात पडू नका, अॅम्प्लिफायर ४ ओहमला करंट देऊ शकतो का ते विचारा.

शाहूपुरीत अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत, थोडं सामान विकतातही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "स्पीकर घेऊन या." मेहुण्याच्या ओम्नीत एक स्पीकर आडवा घालून नेला. त्यांच्याकडच्या तशाच ८० वॅटच्या रिसिव्हरवर सिनेमाच्या आवाजात लावला. बाविसाव्या मिनिटाला रिसिव्हर आपोआप बंद पडला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. काका म्हणाले, "बघा, स्वतःला वाचवतोय." मग त्यांनी प्री-आउट (वेगळ्या अॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी मागची सॉकेट) असलेला रिसिव्हर काढला आणि पुढच्या जोडीसाठी ४ ओहमला चालणारा वेगळा दोन चॅनेलचा पॉवर अॅम्प्लिफायर लावला. मधला आणि मागचे स्पीकर ८ ओहमचे, ते रिसिव्हरच सांभाळतो. तासभर वाजवलं. वरची पट्टी हातानं चाचपली तर नुसती कोमट. तिथंच पैसे दिले. बजेट पंधरा हजारांनी वाढलं, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

प्री-आउट सगळ्या रिसिव्हरना नसतात. मागची बाजू बघितल्याशिवाय घेऊ नका. नुसतं सबवूफरचं आउट असेल तर त्यावर पुढची जोडी चालवता येत नाही.

घरी जोडणी अर्ध्या दिवसात झाली. मेनूत पुढचे स्पीकर 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे जड आवाज वेगळा काढायची सीमा, ८० हर्ट्झवर ठेवला. त्याखालचा जड आवाज सबवूफरच्या स्वतःच्या अॅम्प्लिफायरकडे जातो, पुढच्या अॅम्प्लिफायरवरचा बोजा हलका होतो. स्पीकर मोठे म्हणून 'लार्ज' करायचा मोह आवरा. रिसिव्हर स्पीकरचा आवाज खोलीनुसार जुळवतो, त्या मोजणीचा माइक सोफ्यावर ठेवू नका, बसल्यावर कान जिथं येतो त्या उंचीला स्टँडवर लावा, आणि तेवढा वेळ पंखा बंद करा. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे परत पाठवायची सोय) लिहिलंय, वायर त्यातच जायला हवी.

वडील पहिल्या संध्याकाळी दोन तास हलले नाहीत. एकदाही त्यांनी "काय म्हणाला रे?" असं विचारलं नाही.

आणि हो, पॉवर अॅम्प्लिफायर रिसिव्हरबरोबर आपोआप चालू-बंद व्हावा म्हणून १२ व्होल्टची ट्रिगर वायर लागते. माझ्या खोक्यात ती नव्हती. काकांकडून साडेतीन मिलिमीटरची साधी मोनो वायर आणली, तीच चालली.